मझार सरका

आमच्या शिवारातून मधमाश्या गेल्या आणि त्यांच्या जागी फोटो काढणारी माणसं आली. दोन्ही जमाती फुलांसाठीच येतात. फरक इतकाच, की माशी फुलात शिरते, तिचं काम करते आणि निघून जाते. माणूस फुलाकडे पाठ करून उभा राहतो, दात दाखवतो आणि निघून जातो.

या दुसऱ्या जमातीकडून पहिल्या जमातीचं काम करून घेणारा एक माणूस आमच्या गावात आहे. शिंदखेड्याच्या रस्त्याला लागून त्याचं शेत, आणि बांधाला बांध लागून आमचं. गाव त्यांना कंडक्टर आबा म्हणतं. त्यांच्यावर लिहितेय असं कळल्यावर आमचे नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "लिही, पण त्यात तुझी बी.एस्सी. घुसवू नको."

घुसवणार. आमच्या खानदानात कॉलेज पुरं करणारी मी पहिली, तेही बॉटनी घेऊन, आणि या गोष्टीत ती बॉटनी एकदा खरोखर कामाला आली आहे. बाकी कुठे फारशी आलेली नाही. तेव्हा इथे तरी लिहू द्या.

आबा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी खेड्यापाड्यांच्या गाड्यांवर काढली. आयुष्यात त्यांची तक्रार एकच, आणि ती पगाराबद्दल नव्हती, रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल नव्हती. ती होती दाराशी उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल. गाडीतला मधला रस्ता मोकळा, मागच्या सीटा मोकळ्या, आणि दाराशी माणसावर माणूस. खालच्याला वाटतं गाडी भरली. "मझार सरका, मझार!" आबा ओरडायचे. मझार म्हणजे आत. आमच्या अहिराणीतला शब्द आहे. "दारमा काय ठेवेल शे? गूळ ठेवेल शे का?" माणसं अर्धं पाऊल सरकायची आणि आबांची पाठ फिरली की परत जागेवर. आबांचं म्हणणं, माणसाला आत जायची भीतीच वाटते, सगळ्यांनाच लवकर उतरायचं असतं. "बठ्ठास्ले लवकर उतरनं शे. मंग चढतस कसाले?"

मी याच गाडीने कॉलेजला जायचे. दुसऱ्या वर्षाच्या पेपरच्या सकाळी गाडी फाट्यावर आली ती दाराशी गच्च. आम्ही पोरी खाली उभ्या. दुसरा कंडक्टर असता तर "मागून गाडी आहे" म्हणाला असता, आणि मागची गाडी म्हणजे दुपारची. आबांनी दोरी एकदा ओढली. एक घंटी म्हणजे थांबा. मग खाली उतरले आणि निवांत तंबाखू मळायला लागले. आतून आरडाओरडा सुरू झाला. कडक इस्त्रीतले एक पुढारी दाराशीच होते. ते म्हणाले, "कंडक्टर, मला तहसीलला मीटिंग आहे!"

"गाडी फुल्ल शे साहेब. चालाव नही."

"अरे, फुल्ल कुठे? मागे सगळी रिकामी पडलीय!"

"अस्सं?" आबा म्हणाले. "मंग तुम्ही तठे काबर नही?"

पुढारी मागे गेले. त्यांच्यामागून बाकीचे गेले. आम्ही चढलो. दोनदा घंटी वाजली आणि मी पेपरला वेळेत पोचले. आबांनी हा उपकार कधी बोलून दाखवला नाही, कारण त्यांच्या लेखी तो उपकार नव्हताच. माझ्या पेपरशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना गाडी नीट भरलेली बघायची होती.

त्यांचा दुसरा विषय हाफ तिकीट. एकदा एका तरण्याबांड पोराने सीटवरच्या म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबा, तुमचं अर्धं तिकीट आहे, मी पुरं काढलंय. उठा जरा." आबा मागून आले. "तिकीट अर्धं शे, बुढा पुरा शे. तू सरक मझार." सगळी गाडी हसली. पोरगा शिंदखेडा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता.

रिटायर झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, नाहीतर ग्रामपंचायतीला उभी राहतात. आबांनी भंगारवाल्याकडून एक घंटी आणली, शेतातल्या माळ्यावर टांगली आणि तिला दोरी बांधून ती थेट बांधापर्यंत आणली. एकदा ओढली की काम थांबवा. दोनदा ओढली की सुरू करा. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या बायका आधी हसल्या, मग त्यांना सवय झाली. पुढे पुढे तर आमच्या शेतातल्या बायकाही आबांच्या घंटीवर चहाला बसायच्या आणि नाना नुसते बघत राहायचे. गोठ्यात बैल दाराशी उभा दिसला तरी आबा म्हणायचे, "मझार सरक." लग्नात पंगतीच्या दाराशी हे उभे. आत जागा आहे की नाही ते बघून माणसं सोडणार. नवरदेवाच्या मामाला त्यांनी एकदा दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं, त्यावरून सोयरीक मोडायची वेळ आली होती.

त्यांचा एकुलता मुलगा, आबांच्या भाषेत आंडोर, जळगावला नोकरीला. पिंप्राळ्यात त्याचा फ्लॅट आहे. अक्का, म्हणजे आबांची बायको, गेल्यावर त्याने त्यांना तिकडे नेलं. आठवडाभरात आबा परत. का, तर लिफ्ट. "तठे लिफ्टमा बी लोके दारमाच उभा ऱ्हातस," ते नानांना सांगत होते. "इतलीशी खोली ती. तठे बी मझार सरकतस नही!" नंतर सूनबाईंनीच सांगितलं, की आबा सकाळ-संध्याकाळ लिफ्टपाशी उभे राहून सोसायटीच्या लोकांना आत सरकवत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई जिन्याने जायला लागल्या होत्या.

मुलगा वाईट नाही. महिन्यातून एकदा मोटरसायकलवर यायचा. पण गाडी बांधाशीच उभी, एक पाय जमिनीवर, इंजिन चालू. "आबा, औषध घेताय ना? फोन उचलत जा. येऊ का मग?" झालं. उन्हाळ्यात आबा शेतात चक्कर येऊन पडले आणि दुपारभर कोणाला पत्ता नव्हता, तेव्हापासून तो जास्त येऊ लागला. तरी गाडीवरून खाली उतरायचा नाही.

आता सूर्यफूल. आमच्या भागात सगळा कापूस. आबांनी सूर्यफूल का लावलं याचं त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. "बठ्ठा तालुका कापूसना दारमा उभा शे. मी मझार सरकनू."

पहिल्या वर्षी फुलं अशी आली की विचारू नका. जेवणाच्या ताटाएवढी. रस्त्याने जाणाऱ्या कोणीतरी व्हिडिओ टाकला आणि पुढच्या रविवारी धुळ्याहून गाड्या आल्या. आबा खुशीत. मग फुलं वाळली, कापली, काठीने बडवली, आणि दाणा सगळा पोचट निघाला. वर साल, आत हवा. चौकातल्या टपरीवर पोरं ओरडायची, "आबा, गाडी रिकामीच पळवली का हो?" आबा मान खाली घालून पुढे जायचे, आणि हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

त्याच सुमारास मुलाने आमच्या ओट्यासमोर मोटरसायकल थांबवली आणि गाडीवरूनच आबांना तिकडे नेण्याचा विषय काढला. नानांच्या साक्षीने सौदा ठरला. आबांनी आणखी एकदा सूर्यफूल लावायचं. दाणा भरला तर आबा गावात राहतील आणि मुलगा परत हा विषय काढणार नाही. पोचट निघाला तर घराला कुलूप आणि आबा पिंप्राळ्याला, कायमचे.

"मान्य," आबा म्हणाले. आणि आबांचा शब्द म्हणजे फाडलेलं तिकीट. परत घेत नाहीत.

इथे माझी बी.एस्सी. येते.

मी धुळ्याला ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते आणि रविवारी गावी येते. माघाच्या थंडीत आबांचं दुसरं पीक फुलायला लागलं तेव्हा मी बांधावर उभी राहून बघितलं. फुलंच फुलं, आणि एकही मधमाशी नाही. आजूबाजूच्या सगळ्या शिवारात वर्षभर फवारे मारून मारून त्यांना आम्हीच पळवलेलं. मी आबांना सांगितलं, की सूर्यफुलाचा दाणा आपोआप भरत नाही. एका फुलाची पिवळी भुकटी दुसऱ्याला लागावी लागते. माशी नसेल तर ते माणसाने करायचं. हाताला मऊ कापड गुंडाळायचं आणि सकाळच्या वेळी या फुलावरून त्या फुलावर असा हात फिरवत जायचं. याला परागीभवन म्हणतात.

"परागी भवन," आबांनी घोकलं. "आन मजूर कथाईन आनू? बठ्ठी वावरभर फुले शेतस."

तेवढ्यात रस्त्यावर एक मोठी गाडी थांबली. दारं उघडली आणि आतून माणसं उतरतच राहिली. काका, काकू, पोरी, जावई, सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे. आबांनी गाडीकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे बघितलं, जो मी अजून हवेत फिरवून दाखवत होते. मग पुन्हा गाडीकडे.

"माणसे शेतस की वं," ते म्हणाले.

त्याच दुपारी ते जुना खाकी शर्ट फाडायला बसले. मी म्हटलं, आबा, हे खरखरीत आहे, फूल सोलून निघेल. ते घरात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात अक्कांचं सुती लुगडं होतं, धुवून धुवून सायीसारखं मऊ झालेलं. "हाई चाली का?" चालेल म्हटलं. त्यांनी ते स्वतः फाडलं, सरळ, एका मापात, जशी तिकिटं फाडावीत तशी.

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे आमच्या रस्त्यावर जे चाललं ते मी आमच्या कॉलेजात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.

आबा बांधाच्या तोंडाशी उभे. डोक्यावर जुनी टोपी, खांद्यावर चिंध्यांची पिशवी. गावातल्या माणसाशी ते अहिराणी बोलत, पण बाहेरची गाडी थांबली की ड्युटीची मराठी बाहेर पडायची. "चला, सूर्यफूल, सूर्यफूल, सूर्यफूल! आत भरपूर जागा आहे! एकेकाने या! आधी एक ओळ हात फिरवायचा, मग फोटो. हात न फिरवता फोटो काढणारा प्रवासी विनातिकीट समजण्यात येईल!"

आणि शिकली-सवरलेली माणसं हात पुढे करून चिंधी बांधून घ्यायची. हेच लोक घरी स्वतःच्या ताटाखालची जागा पुसत नसतील. पण शेतात येऊन कोणी काम सांगितलं की त्याला अनुभव म्हणतात. एक बाई डोळे मिटून फुलावर हात फिरवत म्हणाली, "किती शांत वाटतंय! शहरात याचे क्लास आहेत." एका जावयाने विचारलं, "काका, हे नेमकं काय आहे?" आबांनी छाती काढून सांगितलं, "परागी भवन!" जावई टाचा उंच करून बघायला लागला. "कुठेय? लांब आहे का? चालत जाता येईल?"

लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं. मुलगी पायघोळ गाऊनमध्ये, मुलगा कोटात, बरोबर गुलाबी धूर सोडणारी नळकांडी घेतलेला एक माणूस. आबांनी धूर बंद करवला आणि दोघांच्या हातांना चिंध्या बांधल्या. "दोघं मिळून एक ओळ. एकमेकांकडे बघायचं नाही, फुलाकडे बघायचं." फोटोवाल्याला ते इतकं आवडलं की त्याने तेच फोटो काढले. मुलीची आई मात्र म्हणाली, की कामवाल्या बाईसारखे दिसताहेत हो दोघं.

संध्याकाळी आलेल्यांना आबा परत पाठवायचे, कारण हात सकाळीच फिरवायचा. "संध्याकाळची फेरी रद्द." एक जण चिडला. म्हणाला, आम्ही इतक्या लांबून मावळतीचा उजेड धरून आलोय, आणि तुमची फुलं तर सूर्याकडे बघतच नाहीत, पूर्वेला तोंड करून बसलीत, नाव काय सूर्यफूल! फूल पुरं उमललं की ते पूर्वेलाच तोंड करून राहतं, हे मी सांगणार होते. पण आबा आधी बोलले. "गाडीत बसल्यावर प्रवासी दर वळणाला तोंड फिरवतो का? सगळे ड्रायव्हरकडे बघून बसलेत. तुम्ही उद्या या, पुढून या."

एकाने फूल तोडलं. घंटी वाजली, एकदा. सगळं शेत थांबलं. काका, काकू, गाऊनवाली, सगळ्यांचे हात हवेत. आबा त्या माणसापाशी गेले आणि एवढंच म्हणाले, "खाली उतरा." तो म्हणाला, अहो, मी जमिनीवरच उभा आहे. "उतरा!" तो बिचारा बांधावरून रस्त्यावर उतरला. मग दोनदा घंटी.

सगळं छान चाललं होतं. दुखणं एकच, जुनंच. माणसं आत जाईनात.

फोटोला काय लागतं? मागे पिवळं दिसलं की झालं. ते रस्त्याच्या कडेलाच दिसत होतं. त्यामुळे पहिल्या चार-सहा ओळींत जत्रा आणि पुढे सगळं शेत सुनसान. कडेच्या एकेका फुलावरून दिवसातून इतके हात फिरायचे की त्याला लाज वाटावी. आतल्या फुलाला कोणी विचारत नव्हतं. आबा घसा फाडून ओरडायचे. ड्युटीची मराठी संपली की खालून अहिराणी वर यायची. "मझार सरका! अरे मझार! दारमा काय ठेवेल शे?" माणसं अर्धं पाऊल सरकायची. बूट खराब होतात, साप असेल, आत रेंज नाही.

मी म्हटलं, "आबा, त्यांना सोडा, तुम्ही आत जा. सकाळभर तुम्हीच हात फिरवा ना." रविवारी मी आणि नाना आमच्या बांधाकडून जमेल तेवढं करायचो, पण तेवढ्याने काय होतं?

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चालत्या गाडीतून उडी मारायला सांगितली. "मी मझार गऊ तं दार कोन देखी?"

म्हणजे आतलं मोकळं राहिलं म्हणून आयुष्यभर जगाला शिव्या घालणारा हा माणूस स्वतः कधी दार सोडायला तयार नव्हता. हे मी त्यांना तोंडावर बोलले. ते पाठ फिरवून पुढच्या गाडीकडे गेले.

मग नाशिकच्या त्या बाई आल्या.

चांगल्या घरच्या, पोक्त बाई, बरोबर दोन लेकी आणि एक नातू. गर्दी दाराशी. आबा ओरडताहेत, "मझार! मझार सरका, मझार!" बाई थबकल्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, चपला काढल्या आणि हात जोडून आबांना हळूच विचारलं, "मजार कुठे आहे, बाबा?"

आबांना वाटलं, जन्मात पहिल्यांदा कोणी नीट विचारतंय. त्यांनी शेताच्या मधोमध बोट दाखवलं. "हेच. सरळ मझार जा. थांबू नका कुठे."

"आणि हे कापड?"

"हातात बांधा. जाता जाता दोन्ही बाजूंच्या फुलांवरून फिरवत जा. एकही सुटता कामा नये."

"मनात काही धरायचं असतं का?"

आबांनी विचार केला. "दाणा भरू दे म्हणा."

ते कुटुंब एका मागे एक, अनवाणी, दोन्हीकडच्या फुलांवर हात फिरवत, तोंडाने दाणा भरू दे, दाणा भरू दे पुटपुटत पार मध्यापर्यंत गेलं. मी बांधावरून बघत होते. मला सगळा घोटाळा कळला होता, आबांचं मझार म्हणजे आत आणि बाईंचं मजार म्हणजे पिराची कबर. सांगणार होते, पण आबांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गप्प बसले. नोकरीच्या सगळ्या वर्षांत न पाहिलेलं ते पाहत होते. माणसं आत सरकत होती.

बाईंच्या लेकीने ते सगळं फोनवर टाकलं. खानदेशातल्या एका शेतात म्हणे फार जुनी जागा आहे, फुलांवरून मऊ वस्त्र फिरवत जायचं आणि मागणं मागायचं. पुढच्या आठवड्यात पाळणा हलावा म्हणून आलेल्या सुना, नोकरीसाठी आलेली पोरं, यावलकडच्या फैजपूरचे एक केळीवाले शेठ, सगळे हाताला चिंधी बांधून त्याच वाटेने आत. शेठ मला म्हणाले, "आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं या जागेबद्दल." आजोबांच्या काळात त्या जागी ज्वारी होती. मी बी.एस्सी. असूनही काही बोलले नाही. मात्र सगळे त्याच एका वाटेने जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. वाट सोडून कोणी इकडे नाही, तिकडे नाही.

मग पाकळ्या गळल्या आणि पाकळ्यांबरोबर माणसंही गळाली. फुलाची मान खाली गेली, पाठ पिवळी पडली, आणि रस्त्यावर एक गाडी थांबेना. फुलाचं खरं काम सुरू होतं तेव्हा बघायला कोणी नसतं. तिथे फक्त पोपट येतात.

काढणीच्या दिवशी मुलगा आला. बांधाशी मोटरसायकल, एक पाय खाली. नाना साक्षीदार म्हणून, मी मुद्दाम सुट्टी टाकून. आबांनी कडेचं एक फूल कापलं आणि पंजाने घासलं. काळेभोर, टपोरे दाणे हातात पडले. नानांनी एक दाताखाली धरला. "भरेल शे!" ते ओरडले. आबा हुरळले नाहीत. ते दाराच्या माणसाला जन्मभर ओळखून होते.

"आतलं आणा," मुलगा गाडीवरून म्हणाला.

आबा आत गेले. फुलं आल्यापासून पहिल्यांदाच. मी मागून गेले. चार-सहा ओळी संपल्या आणि दाणा हलका झाला. आणखी आत गेलो. फूल घासलं, तळहातावर घेतलं, आबांनी फुंकर मारली आणि सगळं उडून गेलं. दुसरं फूल. उडालं. तिसरं. आबा चौथ्या फुलाकडे वळले. मी म्हटलं, "आबा, ती नाशिकवाल्यांची वाट बघू." त्या वाटेच्या दोन्ही बाजूंची फुलं मानेने ओणवी झाली होती, इतकी जड. ती भरलेली वाट शेताच्या मध्यापर्यंत जात होती आणि मध्यावर एक नारळ, विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या आणि कोणाच्या तरी बाळाची टोपी ठेवलेली होती. त्याच्या भोवतीची सगळी फुलं भरलेली. पलीकडे पुन्हा पोचट.

बांधावर आलो. काय निघालं ते आबांनी स्वतःच सांगितलं. कडेचं भरलं, वाटेचं भरलं, बाकी हवा. आणि मग नानांकडे बघून म्हणाले, "आख्खी जिंदगी सांगी सांगी थकनू, मझार सरका. कोनी आयकं नही."

मुलाने इंजिन बंद केलं. तो काही जिंकल्यासारखा बोलला नाही, हे मला सांगायला हवं. "आबा, म्हणजे अर्धं भरलं आणि अर्धं गेलं. मी अडून बसत नाही. अर्धं वर्ष इथे राहा, अर्धं वर्ष पिंप्राळ्याला. बरोबर आहे की नाही, नाना?"

नानांनी मान डोलावली. मलाही ते बरोबरच वाटलं, आणि त्याच वेळी वाटलं की आबा संपले. ते खाली बघत होते. बोटांनी टोपीची कड चाचपत होते. पोराने हिशोब बरोबर मांडला होता आणि शब्द तर दिलेला होता.

मग त्यांनी मान वर केली.

"हाफ तिकीट," आबा म्हणाले.

"काय?"

"तू कंडक्टरना आंडोर शे. तूच सांग माले. हाफ तिकीटवाला बुढा अर्धा रस्तामा उतारतस का?"

मुलाची मान आपोआप नाही म्हणून हलली.

"त्याले बी पुरी सीट. आन शेवटना स्टॉपलोंग प्रवास. तिकीट मन्हं अर्धं निंघनं, कबूल. उतरस नही मी."

नाना आधी हसले. मग मी. मुलाने हसू दाबलं, पण डोळे भरले होते त्याचे. "आणि परत पडलात तर? मला कोण सांगणार? मी तिकडे रात्रंदिवस फोनकडे बघत बसू?" त्याचा आवाज चढला. "मला काय तुमचं शेत बंद करायची हौस आहे का, आबा?"

आबा त्याच्याकडे बघत राहिले. बांधाशी उभी मोटरसायकल, एक पाय जमिनीवर, एक पाय वर. किती वर्षं ते असंच बघत आले होते, कोण जाणे.

"दारमा उभा ऱ्हाईसन कसाले बोलस?" ते म्हणाले. आवाज ओरडायचा नव्हता. मी तो शब्द त्यांच्या तोंडून इतका हळू कधी ऐकला नव्हता. "मझार सरक ना, भो."

मुलाने किल्ली काढली. गाडी स्टँडला लावली. बूट काढून बांधावर ठेवले आणि त्या भरलेल्या वाटेने माळ्याकडे चालायला लागला. आबांनी त्याला पुढे जाऊ दिलं, कंडक्टर शेवटीच चढतो. एकदा मागे वळून रस्ता बघितला, दार बघितलं, आणि सोडलं.

जाताजाता दोरी ओढली. दोनदा.